सगळे घरी

१

ही हकीकत ९ फेब्रुवारी २०१७ रोजी, गुरुवारी, दुपारी दोन ते साडेचारच्या दरम्यान, लेम्पी हिच्या तोंडून ऐकलेली आहे. त्या वेळी तिचे वय साठ होते. जागा तिच्याच दुकानामागचे स्वयंपाकघर. बोलणे टिपून घेण्यास तिने हरकत घेतली नाही. मात्र गावाचे आणि घराण्याचे नाव कोठे येऊ नये, असे तिने दोनदा बजावले, म्हणून ती येथे दिलेली नाहीत. व्हँकुव्हर बेटाच्या ईशान्येस, सामुद्रधुनीत, फिनलंडहून आलेल्या कुटुंबांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वसवलेले एक गाव, एवढे पुरे. तिने जे पाहिले आणि तिने जे मागाहून अनुमानाने जोडले, त्यांत भेद राखण्याचा शक्य तेवढा प्रयत्न केला आहे.

कयाक, म्हणजे एका माणसाची अरुंद, वल्हवायची होडी, पाण्यात सोडण्यासाठी गावात एकच उतार आहे. त्याच्या माथ्याशी लेम्पीचे दुकान: बर्फ, आमिषाची खारवलेली हेरिंग मासळी, कॉफी. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीशी ‘घरी’ असे रंगवलेले, खालच्या ओळीशी ‘पाण्यावर’. जाळ्यांच्या दिवसांत जाळे तरंगते ठेवण्यासाठी देवदाराचे ठोकळे बांधत. पुढे मासेमारीचे परवाने गेले, होड्या विकल्या गेल्या, ठोकळे तेवढे उरले. आता ते माणसांच्या नावाचे झाले आहेत. प्रत्येकाचा एक, त्याच्या घराच्या रंगात रंगवलेला. सॅल्मन माशांच्या मागे निघालेला माणूस आपला ठोकळा खालच्या ओळीत टांगतो आणि परतला की वरच्या. ठरल्या वेळेनंतर खालच्या ओळीत एकही ठोकळा राहिला, तर कोणी कोणाला विचारत बसत नाही. शोध सुरू होतो.

नियम एकच: आपला ठोकळा आपणच हलवायचा.

समुद्राने नेलेल्यांचे ठोकळे गावाच्या सभागृहात तुळईवर ठोकलेले आहेत. वर्षातून एकदा त्यांची नावे वाचली जातात. फळ्याशी हयगय करणाऱ्याचा ठोकळा मात्र तुळईवर जात नाही. त्याचे नाव वाचतही नाहीत.

२

रेइनो हा लेम्पीचा धाकटा भाऊ. २०१४ च्या उन्हाळ्यात तो बावन्न वर्षांचा होता, अविवाहित होता आणि दुकानापासून दोन घरे सोडून एकटा राहत होता. कधी काळी त्याची स्वतःची मोठी होडी होती. ती गेल्यावर त्याने एक पिवळी कयाक घेतली आणि वर्षभर गावाची थट्टा सोसली. पुढे निम्मे गाव कयाकवर आले, तेव्हा त्याने कोणालाही काही ऐकवले नाही. झाडाएवढ्या वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचे रान जेथे पृष्ठभागावर येते, त्याच्या कडेकडेने तो संथ वल्हवत जाई. मागे खोल पाण्यात, गळाच्या दोरीला, चमकती पट्टी आणि हेरिंगचा तुकडा ओढला जात असे. सॅल्मन लागला की कयाकसकट माणूस ओढला जातो. तो म्हणे, “होडीत असताना मी माशाला घरी आणायचो. आता कोण कुणाला आणतं, ते दर वेळी ठरवावं लागतं.”

त्याचे परतणे लेम्पीला पाहावे लागत नसे. तो कयाक ठेवी ती दुकानाची सामानाची खोली आणि तिचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक लाकडी भिंत आणि तिच्यातले एक दार तेवढे होते. आधी खडीवरून कयाक ओढल्याचा आवाज, मग खोलीतला नळ, मग ओट्यावर मासा टाकल्याचा धप्प असा आवाज, आणि शेवटी भिंतीवर दोन ठोके. त्याचा अर्थ, कॉफी ओत.

त्या वसंतात रेइनोचा डावा खांदा निकामी झाला. वल्हे छातीच्या खालीच फिरते, त्यामुळे वल्हवण्याचे भागत असे. पण डावा हात छातीच्या वर जात नव्हता, आणि दिवसभर वल्हवल्यावर उजवाही थकलेला असे. ‘घरी’ची ओळ उंच होती. म्हणून, तो उताराला लागलेला दिसला की लेम्पीच बाहेर जाऊन त्याचा निळा ठोकळा वर टांगू लागली. गावाला हे माहीत नव्हते. ज्यांना माहीत असावे, त्यांनी काणाडोळा केला. बहिणीने भावासाठी एवढे करणे म्हणजे नियम मोडणे, असे तिला कधी वाटले नाही.

२६ ऑगस्टला, मंगळवारी, पहाटे साडेपाचला दाट धुके होते. ऑगस्टात ते असतेच. रेइनो निघाला, तेव्हा दुकानाशेजारचा ताउनो आपल्या ओसरीत बसलेला होता. ताउनो तेव्हा अडुसष्ट वर्षांचा; सभागृहाचा प्रमुख; त्याच्या ओसरीतला, बोटींशी बोलण्याचा रेडिओ रात्रंदिवस चालू असे.

“एवढ्या धुक्यात मासा तरी दिसेल का तुला?” ताउनोने विचारले.

“मासा कशाला दिसायला हवा? त्याला मी दिसलो म्हणजे झालं.”

“तोंड बघून पळेल तो.”

“तुमचं बघून तर हेरिंगसुद्धा गाव सोडून गेली,” रेइनो म्हणाला. मग लेम्पीकडे वळून, “दहापर्यंत येतो. वेलचीचा पाव ठेव. कालचा ह्यांनी संपवला.”

“रेडिओ घेतलास?” लेम्पीने विचारले.

त्याने छातीवरच्या खिशावर थाप मारली. खिशात काय आहे, हे तिने पाहिले नाही. त्याने आपला ठोकळा खाली टांगला आणि तो गेला.

३

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी लेम्पी खिडकीशी कप पुसत होती. वेळेबद्दल तिला शंका नाही. घड्याळ चुलीच्या वरच आहे.

धुके उताराच्या टोकापर्यंत येऊन थांबलेले होते. त्यातून प्रथम लाल लोकरीची टोपी दिसली, मग कयाकचे पिवळे टोक. रेइनोने तिच्याकडे पाहून डावा हात वर केला. तिनेही ओला हात वर केला. तिच्या मनात आले, खांदा सुटला वाटते.

हात खाली आला नाही. तो तसाच डोक्याच्या वर उभा राहिला, मूठ मिटलेली, आणि कयाक मात्र उजव्या अंगाने वल्हवली जात होती. एकाच अंगाने. अशी कयाक गोल फिरते. ही सरळ येत होती. लेम्पीने हे सर्व पाहिले, पण पाहिलेल्याचा विचार केला नाही. जे माणूस दररोज पाहते, ते त्याला दिसत नाही. त्याच्या जागी माणूस कालचेच पुन्हा ठेवते. हे तिचे स्वतःचे वाक्य आहे.

ती बाहेर गेली. उताराकडे पाठ करून तिने निळा ठोकळा काढला, टाचा उंचावून वर टांगला आणि कॉफी तापवायला आत आली.

खडीवर कयाक घासल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला, बराच वेळ वाहिला. मासा ओट्यावर पडला. एक, दोन, तीन.

“तीन?” ती भिंतीशी बोलली. “आता गावभर मिरवशील.”

दोन ठोके पडले.

तिने कॉफी ओतली, पाव कापून ठेवला. इतक्यात दुकानात बर्फासाठी माणसे आली. त्यांच्यात ती अकरापर्यंत अडकली. परत आली तेव्हा कॉफी तशीच होती, वर साय धरलेली. गेला असेल झोपायला, असे तिला वाटले. तिने ती ओतून टाकली.

एक गोष्ट तिला पुढे चार दिवसांनी सुचली. नऊ चाळीसला पूर्ण ओहोटी होती. पाणी उताराच्या टोकाच्याही खाली गेलेले. एवढ्या ओहोटीला कयाक खडीवरून चाळीस पावले तरी ओढावी लागते, आणि मध्ये दोनदा थांबावे लागते. तिने ऐकलेला आवाज तीन-चार पावलांचा होता. भरती असताना होतो, तेवढाच. (त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला आहे. तिचे म्हणणे बरोबर आहे.)

४

संध्याकाळी सात वाजता ती माशाचा रस्सा घेऊन त्याच्या घरी गेली. घरात अंधार होता. स्वयंपाकघरात त्याचा हातातला रेडिओ चार्जिंगला लावलेला होता, हिरवा दिवा लागलेला.

ती पळत सामानाच्या खोलीकडे आली. कयाक नव्हती. जमीन कोरडी होती. नळाखालची मोरीसुद्धा कोरडी. बाहेर फळ्यावर सगळे ठोकळे वरच्या ओळीत होते. त्यांत निळाही होता, तिने टांगला तसा, किंचित तिरका.

शोध सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. कयाक दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या खडकाजवळ सापडली. ती उलटी होती. तिच्या पुढच्या टोकाचा दोर शेवाळाच्या एका मनगटाएवढ्या देठाला तीन वेढे देऊन गुंडाळलेला होता. पाण्यात पडलेला माणूस वाहून जाऊ नये म्हणून करतो, तसा. वल्हे दोन तुकड्यांचे असते. त्यातला एक कयाकलाच दोरीने अडकून होता, दुसरा नव्हता. बंद कप्प्यात तीन सॅल्मन होते, कल्ले कापून रक्त काढलेले. रेइनो मिळाला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. अंगात रबरी पोशाख आणि तरंगते जाकीट असलेला माणूस तेवढ्या थंड पाण्यात पाच-सहा तास तग धरू शकतो, असे बचावनौकेवरच्या माणसाने सांगितले. ते त्याने हळू आवाजात सांगितले, पण लेम्पी तिथेच उभी होती.

मग ताउनोने सभागृहात, सर्वांसमोर, उभे राहून आणखी एक गोष्ट सांगितली. मंगळवारी दुपारी बारा वीसला बाहेरून जाणाऱ्या एका टगबोटीने रेडिओवर गावाला विचारले होते: खडकाच्या बाजूला धुक्यात कोणीतरी शिट्टी वाजवते आहे असे वाटते, तुमचे कोणी बाहेर आहे का?

“मी म्हणालो, नाही,” ताउनो म्हणाला. “म्हणालो, सगळे घरी.”

मग मागून कोणीतरी म्हणाले की यात ताउनोचा काय दोष, फळाच तसे सांगत होता. आणि त्यावरून निष्कर्ष आपोआप निघाला, कोणी काढावाही लागला नाही. रेइनो नऊ-दहाला परत आला, ठोकळा वर टांगला, आणि चौथ्या माशाच्या लोभाने पुन्हा गेला. जाताना ठोकळा खाली टांगायला विसरला, जसा रेडिओ विसरला. लेम्पीने त्याला परतताना पाहिले, हे तिनेच सांगितले होते. ते खरेच होते.

ठोकळा तिने हलवला, हे तिने सांगितले नाही.

ती दुसऱ्या रांगेत बसली होती. एका वाक्याचे काम होते. ते म्हटले असते तर रेइनो निर्दोष ठरला असता, त्याचा ठोकळा तुळईवर गेला असता. आणि त्याच वाक्याने हेही ठरले असते की पाच-सहा तास एक माणूस देठाला धरून शिट्टी वाजवत असताना त्याला घरी आल्याचे त्याच्या सख्ख्या बहिणीने लिहून दिले. ती बसून राहिली. सभेनंतर ताउनोने निळा ठोकळा कागदी पिशवीत घालून तिच्या हातात दिला.

“तुझ्याकडेच ठेव,” तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

तिने तो चमच्यांच्या खणात ठेवला.

५

त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल लेम्पी कमी बोलली. धुके पडले की सामानाच्या खोलीतून आवाज येत, एवढे तिने सांगितले. प्रत्येक धुक्यात नाही. कधी येतील, याचा नियम तिला सापडला नाही, आणि तो शोधण्याचा तिने मनापासून प्रयत्न केला होता. तारखा, वेळा, वाऱ्याची दिशा, सर्व टिपून पाहिले होते. ती वही तिने दाखवली.

पहिल्यांदा तिला वाटले, ओल आली की लाकूड फुगते. फुगलेले लाकूड कुरकुरते. धप्प वाजत नाही. मग तिला वाटले, नळात हवा अडकली असेल. तिने मुख्य झडप बंद केली. दुसऱ्या धुक्यात नळ वाहिला. ती भिंतीला कान लावून उभी राहिली. पाणी मोरीत पडत होते, मोरीतून खाली जात होते, आणि झडप बंद होती. शेवटी तिने मान्य केले की आवाज तिच्या डोक्यात आहेत, आणि यात तिला थोडे बरेही वाटले. डोके बिघडलेल्या माणसाच्या साक्षीला कोण विचारतो?

फक्त दोन ठोके पडले की हात आपोआप दुसरा कप काढी. ते तिला थांबवता येत नव्हते.

याच काळात ताउनोला एक सवय लागली. उतारावरून वर आला की समोर जो असेल त्याच्याशी तो हस्तांदोलन करी. बर्फ न्यायला आलेल्या अनोळखी माणसाशीही. कोणी नसेल तर तो दुकानात येऊन हात पुढे करी.

“म्हातारपणी माणूस प्रेमळ होतो म्हणतात,” लेम्पी एकदा म्हणाली.

“निवडणूक आलीय जवळ,” तो म्हणाला. हात मात्र त्याने लवकर सोडला नाही.

६

१२ सप्टेंबर २०१६ रोजी, सोमवारी, सकाळी आकाश स्वच्छ होते. ताउनो एकटाच गेला होता. गावातल्या बाकीच्यांना बेटापलीकडच्या लग्नाला जायचे होते. आठच्या सुमारास धुके आले, भिंत सरकावी तसे.

लेम्पीने खिडकी सोडली नाही. फळ्यावर खालच्या ओळीत ताउनोचा हिरवा ठोकळा एकटा होता. तिने मनाशी ठरवले होते, की काहीही दिसले तरी त्याला हात लावायचा नाही.

नऊच्या पुढे उताराच्या टोकाशी धुक्यात एक आकार झाला. बसलेल्या माणसाचा, एक हात डोक्याच्या वर उभा. रंग कळत नव्हते. तो पुढे येत होता, आणि तिला प्रथमच दिसले की त्याच्यामुळे पाणी हलत नाही.

“ताउनो?” तिने खिडकीतून हाक मारली.

हात खाली आला नाही.

मग भिंतीपलीकडे खडी घासली. तीन-चार पावले. नळ सुरू झाला. धप्प. धप्प. धप्प. ती मोजत होती, आणि मोजताना तिच्या लक्षात आले की ती वाट पाहते आहे. ठोके पडले, एक, दोन, तेव्हा तिने कप काढला नाही. ती मधल्या दाराशी गेली. हे दार तिने दोन वर्षांत धुक्याच्या दिवशी कधी उघडले नव्हते. तशी गरज पडली नाही, असे ती स्वतःला सांगत असे.

तिने ते उघडले.

खोली कोरडी होती. नळ बंद होता. जमिनीवर, मधोमध, तिच्याकडे पाठ करून रेइनो बसला होता. कयाकमध्ये बसतात तसा, दोन्ही पाय पुढे ताठ, पण खाली कयाक नव्हती; नुसते सिमेंट होते. उजव्या हातात वल्ह्याचा अर्धा तुकडा होता. तो त्याने पुढे टाकला, मागे ओढला, पुन्हा पुढे टाकला. आवाज होत नव्हता. डावा हात डोक्याच्या वर उभा होता, आणि मूठ कशावर तरी आवळलेली होती. मनगटाएवढ्या जाडीच्या कशावर तरी, जे त्या खोलीत नव्हते. टोपीखाली मान उजवीकडे कललेली होती, त्यामुळे एक गाल तेवढा दिसत होता.

गाल फुगत होता आणि बसत होता. फुगत होता आणि बसत होता.

तो काय करतो आहे, हे समजायला तिला थोडा वेळ लागला. त्याच्या तोंडात शिट्टी होती.

तो घरी आला आहे, असे तिला त्या क्षणी वाटले नाही. तो येतो आहे, असेही नाही. तिला वाटले, तो अजून तिथेच आहे, आणि येथून कोणीतरी निघेल म्हणून वाट पाहतो आहे.

दार लावल्याचे तिला आठवत नाही. ती ताउनोच्या ओसरीतल्या रेडिओशी होती आणि तिचा आवाज तिलाच ऐकू येत होता, अगदी नेहमीसारखा. ती सांगत होती: “रेइनो पाण्यावर आहे. फळा चुकीचा आहे. ठोकळा मी हलवला होता. रेइनो अजून पाण्यावर आहे.”

बराच वेळ नुसती खरखर झाली. मग धुक्यातून कोठून तरी ताउनो बोलला.

“ऐकलं. मी येतोय. आता दुसऱ्या कुणाशी बोलू नकोस.”

७

तो पाऊण तासाने आला. ती उताराच्या माथ्यावर उभी होती. त्याने कयाक खडीवरून ओढली, दोनदा थांबला, खोकला, एक शिवी दिली. वर येऊन आपला ठोकळा आपण टांगला. मग तिच्यासमोर हात पुढे केला.

“लाव हात,” तो म्हणाला. “लाव की. मीही त्यासाठीच लावून घेतो सगळ्यांकडून.”

तिने लावला. हात थंड आणि खरखरीत होता, माशाच्या खवल्यांनी भरलेला. ती तो धरून राहिली.

स्वयंपाकघरात बसल्यावर तिने सर्व सांगितले: खांद्याचे, ठोकळ्याचे, खोलीतले. तो कपाकडे पाहत ऐकत होता.

“फळा चुकला म्हणून तुम्ही चुकलात,” ती शेवटी म्हणाली. “चूक माझी होती. तुम्ही दोन वर्षं उगीच झुरलात.”

“फळ्याकडे मी बघितलंच नव्हतं.”

तिने मान वर केली.

“टगबोटीने विचारलं तेव्हा मी ओसरीतून उठलोसुद्धा नाही. माझा गुडघा. मी कशाला उठू? मी त्याला येताना बघितलं होतं, लेम्पी. नऊ चाळीसला. त्याने हात केला, मी पण केला.” त्याने कप फिरवला. “आणि ओहोटी होती. मला ती तेव्हाच लक्षात आली. वाटलं, विचारू नंतर, पाण्यावाचून वर कसा चढलास म्हणून. आणि परत खाली जाताना तो मला दिसलाच नाही.”

“मग तुम्हाला माहीत होतं. तो दुसऱ्यांदा गेलाच नाही, हे माहीत होतं.”

“हो.”

“आणि सभेत तुम्ही त्यांना बोलू दिलंत.”

“तू पण दिलंस.”

मग लेम्पीने खण उघडला, चमच्यांखालून निळा ठोकळा काढून टेबलावर ठेवला.

“तुळईवर लावा. मी सगळ्यांसमोर सांगते. माझं व्हायचं ते होऊ दे.”

“काय सांगशील?”

“मी हलवला म्हणून.”

“का हलवलास, विचारतील.”

“तो येताना दिसला म्हणून.”

“बरोबर,” ताउनो म्हणाला. “तिथेच थांबणार का लोक? तो दिसला आणि तो नव्हता. मला दिसला, तुला दिसला. मग पुढच्या धुक्यात अकरा माणसं परत येतील. त्यांच्या बायकांनी काय करायचं? दारातून आत आलेल्या माणसाकडे कसं बघायचं? मी दोन वर्षं बघतोय असं. स्वतःच्या हाताकडेसुद्धा. जेवताना, दाढी करताना. तुला हे सगळ्या गावाला द्यायचंय का?”

तिने ठोकळा स्वतःकडे ओढला.

“एक माणूस विसरभोळा निघाला, तर गाव जगतं,” तो म्हणाला. “डोळेच खोटे निघाले तर नाही जगत. रेइनोला हे सांगितलं असतं, तर तो हसला असता. म्हणाला असता, विसरभोळा तर विसरभोळा.”

“तो हसला नसता, ताउनो. तो शिट्टी वाजवत होता.”

“हो,” ताउनो म्हणाला. त्याने डोळे पुसले नाहीत. ते वाहू दिले. “पण तरी ठोकळा जाळ.”

तिने त्याच्याशी वाद घातला असता. घालणार होती. पण तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती: समोर बसलेल्या या माणसाचा हात तिने धरला होता, खरखर तिला अजून तळहातावर जाणवत होती, आणि तरीही, तो पाऊण तासापूर्वी खरोखर परत आला आहे, असे शपथेवर सांगायची वेळ आली असती, तर तिने सांगितले नसते. तेव्हा तिला कळले की तो म्हणतो ते खरे आहे.

शनिवारी, सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापवण्याच्या वेळी, तिने ठोकळा भट्टीत घातला. देवदार जुना होता, दोन वर्षे कोरड्या खणात पडलेला. तरी तो पेटेना. आधी निळ्या रंगाला फोड आले, मग दोन्ही टोकांतून पाणी निघू लागले. ते बुडबुडे काढत, फसफसत, बराच वेळ निघत राहिले. भट्टीच्या दारावर जेथे ओघळले, तेथे पांढरा मिठाचा डाग राहिला. तो पूर्ण जळेपर्यंत ती बसून राहिली.

त्यानंतर सामानाच्या खोलीतून कधीही आवाज आला नाही. पुढच्या दोन महिन्यांत धुक्याचे दिवस अकरा झाले. ते वहीत आहेत, आणि प्रत्येकापुढे तिने ‘नाही’ असे लिहिले आहे. “सुटलो म्हणायला हवं,” ती म्हणाली. “पण मी रोज तिथे कान लावते. तो यायचा प्रयत्न तरी करत होता. आता तोही सोडला त्याने.”

८

वरील हकीकतीतले जे भाग तपासता येण्याजोगे होते, ते तपासले आहेत. शोध सुरू झाल्याची वेळ, कयाक सापडल्याची जागा, दोराचे वेढे, तीन सॅल्मन, हवामान आणि ओहोटी यांबाबत लेम्पीचे सांगणे नोंदींशी जुळते. ताउनो नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या घरी, आजाराने, वारला. त्यामुळे त्याची बाजू त्याच्याकडून ऐकता आली नाही. सभागृहाच्या तुळईवर निळा ठोकळा नाही.

निरोप देताना लेम्पीने एकच विनंती केली होती: टगबोटीची नोंदवही कोठे मिळाली, तर त्यात काय लिहिले आहे ते कळवावे. चांगले असो वा वाईट. त्या वहीच्या संबंधित पानाची प्रत एप्रिलमध्ये पाहायला मिळाली. बारा वीसची नोंद तिच्यात आहे: शिट्टी, वायव्येकडून, गावाचे उत्तर, सगळे घरी. त्याखाली, गावाला ठाऊक नसलेली, दुसरी एक नोंद आहे, एक वाजून पाच मिनिटांची: शिट्टी पुन्हा, आता सलग, गावाने बाहेर कोणी नसल्याचे कळवले असल्याने पुढे निघालो.

दोन्ही नोंदी तिला जशाच्या तशा कळवल्या. तिचे उत्तर आले नाही.

एक वाजून पाच मिनिटांनंतर त्या पाण्यात दुसरी कोणतीही बोट नव्हती. त्यामुळे शिट्टी त्यापुढे किती वेळ वाजत होती, एवढ्या भागाची खातरजमा कधीच करता आली नाही.